समुद्रदेव आणि संगम

नृसिंहवाडीच्या घाटावर उभें राहिलें म्हणजे पश्चिमेकडून येणारी पंचगंगा आणि उत्तरेकडून येणारी कृष्णा यांचा मिलाफ समोर दिसतो. येथें येणारा यात्रेकरू श्रीदत्ताच्या पादुकांसाठीं येतो. नदीचा इतिहास पाहावयास सहसा कोणी येत नाहीं. आम्हीही अनेकवार त्याच भावानें आलों व गेलों. परंतु कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयांतील एका लहानशा मूर्तीनें या घाटाकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटविली. ती कशी, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

कोल्हापूर शहराच्या पश्चिम अंगास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. या टेकडींत १९४४ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा एक सांठा सांपडला आणि पुढें १९४५-४६ सालीं डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें. या वस्तु लोकांस पाहावयास मिळाव्या म्हणून १९४६ मध्यें संग्रहालय सुरू झालें. आज तें १८७२ ते १८७६ या काळांत बांधलेल्या टाउन हॉलच्या इमारतींत आहे. तेथें काशाचीं भांडीं आहेत, आरसे आहेत, पाठीवर स्वार घेतलेला एक चिमुकला हत्ती आहे. आणि या सर्वांत वितीहूनही लहान अशी पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, मूर्ति आहे. तिचा काळ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला समजतात.

समुद्राचा देव पंचगंगेच्या कांठीं कसा आला? उत्साही मनुष्य लगेच म्हणेल कीं, येथें रोमन लोकांची वसाहत असली पाहिजे. पण वस्तु सांपडणें निराळें आणि ती वापरणारा मनुष्य परदेशी असणें निराळें. मूर्तीवरून इतकेंच निश्चित होतें कीं, पश्चिमेकडील जहाजांतून उतरलेला माल सह्याद्रीचे घाट चढून येथवर येत होता. चौलसारख्या कोंकणच्या बंदरांचा उल्लेख त्या काळच्या ग्रीक प्रवासवृत्तांत आहे. कोल्हापुरास सांपडलेल्या नाण्यांवर विळिवायकुर हें राजनाम आहे. टॉलेमीच्या भूगोलांत बलिओकुरोस नांवाचा राजा येतो, तो हाच असावा असें विद्वानांचें मत आहे. म्हणजे येथील राजाचें नांव समुद्रापार पोंचलें होतें आणि तेथील देवाची मूर्ति येथें आली होती.

यांत एक मौज आहे. कोल्हापुराहून पश्चिम समुद्र सरळ रेषेंत सुमारें शंभर किलोमीटर. तरी पंचगंगा त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस जाते, वाडीस कृष्णेस मिळते, आणि सुमारें चौदाशें किलोमीटर लांबीची कृष्णा बंगालच्या उपसागरास जाऊन पोंचते. समुद्रदेव आला तो नदीच्या प्रवाहावरून नव्हे. तो डोंगर चढून आला. कोल्हापूरचें समुद्राशीं नातें पुढेंही असें डोंगरावरूनच राहिलें. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं पाया घातलेला सिंधुदुर्ग पुढें करवीरकरांकडे आला. १७६५ सालीं तो इंग्रजांनीं घेतला व लौकरच परत दिला. १८१२ च्या तहानें मात्र मालवण कायमचें गेलें आणि कोल्हापूरचा समुद्र संपला. उरली ती नदी.

आणि येथेंच आमची खरी तक्रार आहे. समुद्राची निशाणी आम्हीं कांचेच्या कपाटांत जपली. नदीच्या निशाण्यांचें काय? वाडीस पूल नव्हते तेव्हां पंचगंगेपलीकडील कुरुंदवाडास आणि कृष्णेपलीकडील औरवाडास जावयाचें तें नावेनेंच. किती माणसें घ्यावीं, पाणी कोणत्या अंगानें ओढतें, पुरांत नाव कोठून सोडली असतां कोठें लागते, हें नावाड्यास ठाऊक असे. पावसाळ्यांत नाव मिळाली नाहीं तर गुऱ्हाळाची काहील पाण्यांत लोटून माणसें पैलतीर गांठीत. ही विद्या पुस्तकांत नव्हती. ती हातांत होती, आणि पूल झाल्यावर ते हात दुसऱ्या धंद्यास लागले.

पूर मात्र गेला नाहीं. कृष्णेचें पाणी मंदिरांत शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडलें कीं ‘दक्षिणद्वार’ म्हणून भाविक तेथें स्नान करतात. पाणी आणखी चढलें म्हणजे उत्सवमूर्ति उंच जागीं हलवितात. पुराशीं वैर न करतां त्याला वाट देण्याची ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. परंतु २००५, २०१९ व २०२१ चे पूर या रीतींत मावणारे नव्हते. कोल्हापुरांत पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. शेवटच्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. २०१९ च्या ऑगस्टांत याच कृष्णेच्या वरच्या अंगास, सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें, पुरांतून माणसें बाहेर काढणारी होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. तेथें काय चुकलें हें ठरविणें आमचें काम नव्हे. पण नदीकांठच्या गांवांत नावेचें ज्ञान ही केवळ जुनी हौस नाहीं, इतकें त्या दिवसानें सर्वांस कळावयास हवें होतें.

कोणी म्हणेल, वल्हें आणि काहील या कांहीं संग्रहालयांत ठेवण्याजोग्या वस्तु आहेत काय? आम्ही उलट विचारतों, ब्रह्मपुरीचीं भांडीं आणि आरसे तरी आपल्या काळीं काय होते? ज्यानें तीं वापरलीं त्याला तीं रोजचींच होतीं. भेद एवढाच कीं कांसें मातींत टिकतें, लांकूड कुजतें. म्हणून मूर्तीला दीड हजार वर्षांहून अधिक काळ वाट पाहतां आली; नावेला तेवढी सवड नाहीं.

तेव्हां वाडीस एक लहानसें प्रदर्शन व्हावें असें आम्हांस वाटतें. त्यांत एक लांकडी नाव असावी, वल्हीं असावीं, एक काहील असावी. प्रत्येक मोठ्या पुराची रेघ सालासह भिंतीवर असावी. आणि वृद्ध नावाड्यांचें बोलणें, ते आहेत तोंवर, टिपून ठेवलेलें असावें. शेजारीं ब्रह्मपुरीच्या समुद्रदेवाचें एक चित्र लावावें, म्हणजे दूरच्या पाण्याचा आणि घरच्या पाण्याचा संबंध पाहणाराच्या ध्यानीं येईल.

हें घाटाजवळ मांडलें तर पहिल्याच मोठ्या पुरांत बुडेल, हा आक्षेप खरा आहे. त्याचें उत्तर वाडीनें पूर्वींच देऊन ठेविलें आहे: पाणी चढूं लागलें कीं देव उंच जागीं नेतात आणि उतरलें कीं परत आणतात. जी काळजी आपण उत्सवमूर्तीची घेतों, तिचा थोडासा अंश नावेच्या वांट्यास आला, तरी पुष्कळ झालें.