ओड टू द वेस्ट विंड : छंद, यमक आणि बांधणी

इंग्रज कवी पी. बी. शेली (१७९२–१८२२) याची पश्चिम वाऱ्याला उद्देशून लिहिलेली कविता. १८१९ च्या शरदात फ्लॉरेन्सजवळ, आर्नो नदीकाठच्या वनात ती सुचली आणि १८२० मध्ये ‘प्रॉमिथ्यूस अनबाउंड’ या पद्यनाटकासोबत प्रसिद्ध झाली. भाग ५, प्रत्येकी १४ ओळी.

छंद आयँबिक पेंटामीटर, म्हणजे निराघात-साघात अक्षरांच्या ५ जोड्यांची ओळ. आपल्या अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा क्रम ढळला की वृत्तभंग होतो. आघातावर चालणाऱ्या इंग्रजी छंदात मात्र फेरफाराला मुभा असते. शेली ती पहिल्याच ओळीत घेतो. वाइल्ड, वेस्ट, विंड हे तीन साघात शब्द लागोपाठ येतात आणि ओळ १० ऐवजी ११ अक्षरांवर जाते. मोठ्याने वाचताना दम लागतो, आणि वाऱ्याच्या कवितेत तो लागायलाच हवा.

रचनेचे खरे बळ यमकांत आहे. इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’तील तेर्झा रीमा शेलीने घेतली. तिच्यात त्रिपदीची मधली ओळ पुढच्या त्रिपदीला यमक पुरवते, त्यामुळे कविता सतत पुढे रेटली जाते. अशा चार त्रिपद्यांवर एक द्विपदी ठेवून त्याने प्रत्येक भागाचे सुनीत केले: अबअ, बकब, कडक, डइड, इइ. वाक्यही त्रिपदीपाशी थांबत नाही. पहिला भाग हे एकच सलग वाक्य आहे. त्यातल्या तिसऱ्या त्रिपदीच्या अखेरीस वसंतवारा काहीतरी फुंकणार एवढेच कळते. ती तुतारी आहे हे चौथीच्या आरंभी उलगडते.

इटालियनच्या मानाने इंग्रजीत यमके तोकडी, म्हणून ‘लो’, ‘ब्लो’शी ‘दाऊ’ अशी कानाला पुरती न जुळणारी यमकेही येतात. त्यांना दोष मानण्याचे कारण नाही: इतक्या वेगात यमक ठसठशीत वाजले असते, तर प्रत्येक ओळीला ठेच लागली असती.

पहिले तीन भाग अनुक्रमे पाने, ढग आणि लाटांचे. तिन्हींचा शेवट ‘ऐक’ या आर्जवाने होतो. चौथ्यात कवी प्रथमच ‘मी’ म्हणून बोलतो आणि आरंभीच्या तीन ओळींत पान, ढग, लाट एकेक करून स्वतःशी जोडतो. पाचव्यात तो वाऱ्याचे वाद्य होऊ मागतो. अखेरची द्विपदी प्रश्नार्थक आहे. तिथे ‘विंड’चा उच्चार जुन्या काव्यसंकेताप्रमाणे ‘वाइंड’ केला, तरच ‘बिहाइंड’शी यमक जुळते.