वेबसाइटचा बॅकअप अडला? फोल्डरला ७७७ देण्याआधी हे वाचा

धरमतर : पेणच्या गणपतींना मुंबई-पुण्यापासून थेट परदेशापर्यंत गिऱ्हाईक आहे. त्यामुळे काही मूर्ती कारखानदारांनी आता स्वतःच्या वेबसाइट केल्या आहेत. मूर्तींचे फोटो, दर, आलेल्या ऑर्डरी, गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन सगळं त्यात असतं. पण एकदा कुणा ओळखीच्या पोराकडून साइट करून घेतली की पुढे तिच्याकडे कोणी बघत नाही. तिची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवायला हवा हे आठवतं सीझनच्या तोंडावर. आणि नेमका तेव्हाच बॅकअपचा प्लगिन अडून बसतो.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळं आहे म्हणून निर्धास्त राहणं या भागात परवडत नाही. जुलै १९८९ मध्ये आंबा नदीने जांभूळपाड्यात काय केलं ते जुन्या लोकांना सांगायला नको. २६ जुलै २००५ आणि जुलै २०२१ चे पूर तर सगळ्यांनीच बघितले. पाण्यात गेलेला कॉम्प्युटर वाळवून चालू होईलच असं नाही.

अशा छोट्या साइट बहुतेक वर्डप्रेसवर असतात आणि बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस हा फुकटात मिळणारा प्लगिन खूप जण वापरतात. तो आपल्या प्रती ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरच्या आतल्या ‘अपड्राफ्ट’ फोल्डरमध्ये ठेवतो. अडतो तेव्हा इंग्रजीत निरोप देतो. त्याचा अर्थ एवढाच की फोल्डर आहे, पण त्यात लिहिता येत नाही.

यात प्लगिनची चूक नसते. सर्व्हरवरच्या प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सगळे ‘इतर’. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आणि जमीन कसतो कोण, तसाच हा प्रकार आहे. फोल्डर बनवला एका युजरने आणि वेबसाइट चालवणारा वेब सर्व्हर दुसऱ्याच युजरच्या नावाने काम करतो. उबुंटू किंवा डेबियनवर त्या युजरचं नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असतं. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर अपाची चालत असेल तर ‘अपाची’ असतं. साइट करणाऱ्याने ‘रूट’ म्हणजे मुख्य युजरने लॉगिन करून फायली चढवल्या असतील, तर मालक रूट होतो. मग वेब सर्व्हरला वाचता येतं, लिहिता येत नाही.

परवानगीचे तीन आकडे असतात : पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, आणि फोल्डरच्या बाबतीत आत शिरण्याचा १. यांची बेरीज करायची. म्हणून ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि शिरणं. वर्डप्रेसमध्ये साधारणपणे फोल्डर ७५५ आणि फायली ६४४ ठेवतात. इथे एक चूक फार होते. फायलींचा ६४४ फोल्डरलाही दिला जातो. मग शिरण्याचा १ गेल्यामुळे मालक आणि वेब सर्व्हर दोघंही दाराबाहेर राहतात.

आता ७७७. यूट्यूबवर, ओळखीच्या ग्रुपवर हाच उपाय सांगतात, आणि तो चालतो हीच त्याची अडचण आहे. अपड्राफ्टप्लसमध्येही फोल्डर तयार करून परवानगी बसवण्याची एक लिंक येते. दुसरं काही जमलं नाही तर तो फोल्डर ७७७ करतो आणि होस्टिंगवाल्याला विचारून घ्या असं सांगतो. ७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला तिथे लिहिण्याची, फाइल पुसण्याची मुभा. खारबंदिस्तीच्या उघाडीला झडप असते ती भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून. शेतातलं पाणी लवकर निघावं म्हणून ती झडपच कोणी काढून टाकत नाही. शिवाय काही होस्टिंगवर ७७७ केलं की सर्व्हर स्वतःच साइट अडवतो आणि ५०० नंबरचा एरर दाखवतो.

खरा उपाय मालक दुरुस्त करण्याचा आहे. साधं, अनेकांचं मिळून असलेलं होस्टिंग असेल तर तिथे साइट बहुतेक वेळा खातेदाराच्याच नावाने चालते. त्यामुळे ७५५ पुरतो. सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर निवडून परमिशन बघायची, आकडा वेगळा असेल तर ७५५ करायचा. हे मोबाइलवरूनही होतं. आकडा बरोबर असूनही अडत असेल तर मालक चुकलेला आहे. तो होस्टिंगवाल्याकडूनच बदलून घ्यावा लागतो. तक्रारीत ‘अपड्राफ्ट फोल्डरची मालकी माझ्या खात्यावर करा’ एवढं स्पष्ट लिहावं. नुसतं ‘बॅकअप होत नाही’ लिहिलं की दोन दिवस उलटसुलट प्रश्नांत जातात.

स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर साइट सांभाळणाऱ्याला फक्त त्या एका फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला द्यायला सांगावं आणि परवानगी ७५० किंवा ७५५ ठेवावी. अख्ख्या साइटची मालकी बदलू नये. वेब सर्व्हरला सगळीकडे लिहिता आलं, तर साइटमध्ये घुसलेल्यालाही सगळीकडे लिहिता येतं. ‘अपड्राफ्ट’ फोल्डरच नसेल तर तो आधी हाताने तयार करावा, नाहीतर प्लगिन वरच्या फोल्डरमध्ये लिहायला बघतो आणि तिथे अडतो. रेड हॅट घराण्यात मालक, आकडे सगळं बरोबर असूनही लिहिता येत नसेल तर सेलिनक्स नावाचा दुसरा पहारेकरी आडवा आलेला असू शकतो. त्याच्यासाठी फोल्डरला वेगळं लेबल लावावं लागतं. आणि कधी कधी नुसती जागा संपलेली असते, तेही बघावं.

परवानगीचे आकडे सर्व्हरच्या आतल्या युजरांसाठी आहेत. बाहेरून ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कोणी बॅकअपची फाइल उतरवू शकतो का, हा प्रश्न वेगळा. अपड्राफ्टप्लस तो रस्ता बंद करण्यासाठी आपल्या फोल्डरमध्ये ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल टाकतो. पण ती अपाची सर्व्हर मानतो, एन्जिनएक्स मानत नाही. तिथे सेटिंगमध्ये वेगळी मनाई घालावी लागते. बॅकअपच्या फायलीत गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन असतात, म्हणून याची खात्री करावीच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ती माहिती जपण्याची जबाबदारी गोळा करणाऱ्यावर टाकतो. ‘पोराने साइट केली होती’ हे उत्तर तिथे चालायचं नाही.

बॅकअप सुरू झाला तरी साइट आणि प्रत एकाच सर्व्हरवर असेल तर सर्व्हर गेला की दोन्ही जातात. प्लगिनच्या सेटिंगमध्ये गुगल ड्राइव्ह जोडता येतो. फुकटच्या खात्यात १५ जीबी जागा असते, पण त्यात जीमेल आणि फोटोही मोजतात. बॅकअप पूर्ण झाल्यावर ड्राइव्हवर डेटाबेस, प्लगिन, थीम, अपलोड आणि इतर अशा वेगवेगळ्या फायली दिसायला हव्यात. ऑर्डरी डेटाबेसच्या फायलीत असतात, फोटो अपलोडमध्ये. मूर्तींचे फोटो शेकड्याने असतील आणि अपलोडची फाइल जेमतेम काही केबीची दिसत असेल, तर बॅकअप अर्धवट झाला आहे. मग पुन्हा फोल्डरची जागा आणि परवानगी तपासावी.