प्लेगची लस आणि लोकांचा विश्वास

पालकहो, आपल्या मुलामुलींनी मेडिकलला जावे असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. म्हणून भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील ही हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये सरकारने साथरोगाचा कायदा केला. घरे तपासायची, रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत ठेवायचे! पडदानशीन स्त्रियांच्या घरांत परके पुरुष शिरू लागले, तेव्हा लोकांना रोगापेक्षा इलाजाचीच धास्ती वाटू लागली. मार्च १८९८ मध्ये मुस्लिम विणकरांच्या मोहल्ल्यात याच कारणावरून दंगा पेटला. त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही.

इकडे ग्रँट कॉलेजच्या एका लहानशा जागेत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही मोठ्या मात्रेत. ताप चढला, उतरलाही. मग भायखळा तुरुंगातील राजीखुशीने तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली.

तरीही लोकांच्या मनातला संशय जाईना. तेव्हा जेमतेम विशीचे असलेले तिसरे आगाखान पुढे झाले. त्यांनी चारचौघांत, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, टोचून घेतले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. मग हजारो खोजांनी बाही वर केली. दंग्यानंतर सरकारनेही सक्तीचा हात सैल केला.

१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.