मॅकार्थीचें अपहरण

खेड्यांतला भोळा पोर शहरांत येऊन नागवला जातो, ही कथा जुनीच. ऑस्ट्रेलियांत ती १९७५ सालीं ‘द ग्रेट मॅकार्थी’ या विनोदी चित्रपटाच्या रूपानें आली. बॅरी ओकली यांच्या १९७० सालच्या कादंबरीवरून डेव्हिड बेकर यांनीं तो काढला. खेडेगांवांत फुटबॉल खेळणाऱ्या मॅकार्थीला साउथ मेलबर्न क्लब चक्क पळवून नेतो! (हा फुटबॉल आपल्याकडील नव्हे, चेंडू लांबट, मैदान अंडाकृति आणि प्रत्येक बाजूस अठरा गडी.) नायक जॉन जॅरट पडद्यावर अगदीं नवखे, त्यांच्या सोबतीस बॅरी हंफ्रीज यांच्यासारखे कसलेले उपहासकार.

अपहरण ही निव्वळ अतिशयोक्ति आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगनें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सारा ग्रामीण मुलूख आपल्या बारा क्लबांत वांटून दिला होता. पोर ज्या टापूंत वाढला, त्या टापूच्या क्लबाचा त्याच्यावर हक्क; त्याची आवडनिवड विचारतो कोण? जहागिरीच कीं ही! चित्रपटकारांनीं तिच्यावरील कागदाचें पांघरूण तेवढें दूर केलें.

पुढें धन्यावरच तो प्रसंग आला. कर्जानें वांकलेल्या साउथ मेलबर्न क्लबास १९८२ सालीं आपले सामने घेऊन सिडनीस जावें लागलें. जुन्या चाहत्यांनीं कसून विरोध केला. तो चालला नाहीं. १९३३ नंतरचें पहिलें अजिंक्यपद क्लबास २००५ सालीं लाभलें, तें सिडनीच्या नांवानें. अंगावरील लाल-पांढरे रंग मात्र जुनेच होते.