‘मामा तलाव’ म्हणजे काय? गोंदियातले जुने तलाव नुसता गाळ काढून का वाचत नाहीत?

गोंदिया, भंडाऱ्याची ओळख तलावांचे जिल्हे अशी आहे. इथल्या बातम्यांमध्ये ‘मामा तलाव’ हा शब्द सतत येतो. यातल्या ‘मामा’चा नात्यातल्या मामाशी संबंध नाही. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची पहिली अक्षरं घेऊन हे नाव तयार झालं आहे.

तलाव बांधले कोणी?

गोंड राजांच्या काळात जंगल साफ करून तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची. या कामात कोहळी समाज तरबेज होता. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगितलं जातं. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत.

पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत, तर त्याहून मोठे राज्य सरकारकडे.

तलाव चालतो कसा?

उताराच्या खालच्या बाजूला मातीची पाळ घातलेली असते. जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून जातं. पाळीतलं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की नहरातून पाणी धानाच्या बांध्यांत पोचतं. पंप लागत नाही, वीज लागत नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा याच पाण्यावर धान तग धरतो. शिवाय गुरांचं पाणी आणि मासेमारीही याच तलावावर चालते.

मग बिघडलं कुठे?

मालकी बदलली, पण पाळ, नहर आणि सांडव्याची रोजची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न राहून गेला. गाळ साचला, काठावर अतिक्रमणं झाली. ‘बेशरम’ ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती काठावर फोफावली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे ती पसरतच जाते.

खोलीकरण केलं की झालं?

राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली. गाळ काढल्याने साठा वाढतो आणि तो सुपीक गाळ शेतात जातो, हा दुहेरी फायदा आहे. पण मशीन लावून तलावात खोल खड्डा केला, तर दोन अडचणी येतात.

पहिली, तुडुमाच्या पातळीखालचं पाणी आपोआप नहरात येत नाही. म्हणजे खड्डा भरलेला दिसतो, शेताला मात्र उपयोग होत नाही. दुसरी, उथळ काठ उभा कापला की तिथल्या पाणवनस्पती जातात. याच वनस्पतींत स्थानिक मासे अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आसरा घेतात.

कमी खर्चाचा उपाय

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातले मच्छीमार आणि महिलांना सोबत घेऊन वेगळी पद्धत वापरली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट उपटायची, कोरडा तळ नांगरायचा, पाऊस पडल्यावर स्थानिक पाणवनस्पती लावायच्या आणि मग स्थानिक मासे सोडायचे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतंच.

सारसचा काय संबंध?

महाराष्ट्रात सारस पक्ष्याची घरटी प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात सापडतात. उडू शकणारा हा जगातला सर्वात उंच पक्षी. तो पाणवनस्पतींचे कंद, किडे, गोगलगायी खातो आणि धानाच्या शेतात किंवा पाणथळ जागी घरटं करतो. परसवाडा, झिलमिली इथल्या तलावांवर तो दिसतो. म्हणजे उथळ काठ गेला तर फक्त मासे जात नाहीत, सारसचं अन्नही जातं.

गाव काय करू शकतं?

- तलावाची हद्द मोजून घेऊन ग्रामसभेत ठराव करणं.
- गाळ काढताना काठाचा उतार उथळच ठेवणं.
- पावसाळ्याआधी पाळ, तुडुम आणि सांडवा तपासणं.
- बेशरम दरवर्षी उपटणं, कारण राहिलेल्या तुकड्यातूनही ती पुन्हा फुटते.
- कामाचा आराखडा ठरवताना शेतकऱ्यांइतकंच मच्छीमारांनाही विचारणं.

निधी आला की मशीन येतं आणि काही दिवसांत काम संपतं. पण पाळीची, काठाची काळजी दरवर्षी घ्यावी लागते. ती कोण घेणार, हे ज्या गावात ठरलेलं असेल, तिथलाच तलाव टिकेल.