आखेनचे दोन मार्क : छपरावरच्या उन्हाला एका शहराने दिलेला भाव

१/ सम्राट शार्लमेनची राजधानी म्हणून आखेनचे नाव इतिहासात येते. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला टेकलेल्या या जर्मन शहरात त्याची कबर आहे. मात्र याच शहरात १९९०च्या दशकात एक लढाई झाली, जिचा निकाल पुढे जगभरच्या घरांच्या छपरांवर उमटला. त्या लढाईचा हा धागा.

२/ आरंभ २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट होऊन किरणोत्सारी ढग जर्मनीपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी आखेनमध्ये काही नागरिकांनी सौरऊर्जेच्या प्रसारासाठी संस्था स्थापन केली. तिचे नेतृत्व वोल्फ फॉन फाबेक यांच्याकडे होते. हे गृहस्थ पूर्वी लष्करी अधिकारी होते.

३/ अडचण तंत्राची नव्हती, हिशेबाची होती. छपरावरच्या पॅनेलमधून निघणाऱ्या एका युनिट विजेचा खर्च त्या काळी सुमारे २ मार्क, म्हणजे २०० फेनिग पडे. पॅनेल बसवणारा नागरिक पर्यावरणाची सेवा करी आणि त्याबद्दल खिशाला चाट लावून घेई.

४/ १ जानेवारी १९९१ पासून जर्मनीत एक कायदा लागू झाला. वीज कंपन्यांनी नागरिकांची सौर आणि पवन वीज विकत घेतलीच पाहिजे, तीही ग्राहकांकडून मिळणाऱ्या सरासरी दराच्या ९० टक्के भावाने, असे त्यात ठरले. पवनचक्क्यांना तो भाव बऱ्यापैकी पुरला. सौर विजेच्या वाट्याला मात्र १७ फेनिगांच्या आसपास आले. खर्च २००, प्राप्ती १७!

५/ सरकारने 'हजार छपरे' नावाची योजनाही आणली. तिच्यात यंत्रणेच्या किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळे. दोन हजारांहून अधिक छपरे सजली. पण अनुदान होते खरेदीवर. यंत्रणा पुढे किती वीज देते, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय निधी संपला की योजनाही संपणार हे उघड होते.

६/ फाबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा युक्तिवाद साधा होता. कोळशाच्या किंवा अणुविजेच्या केंद्राचा खर्च वीजबिलातूनच वसूल होतो. मग छपरावरच्या लहानशा वीजकेंद्राला वेगळा न्याय का? खर्च भरून निघेल एवढा भाव प्रत्येक युनिटला द्या, तोही वीस वर्षांच्या हमीने. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये बुर्गडोर्फ या गावाने १९९१ साली युनिटला १ फ्रँक देण्यास सुरुवात केलीच होती.

७/ या पद्धतीत एक मेख होती. पैसे विजेचे मिळणार, यंत्राचे नव्हे. त्यामुळे पॅनेल योग्य दिशेला बसवणे, सावली टाळणे, बिघाड लगेच दुरुस्त करणे यांत मालकाचा स्वतःचा स्वार्थ गुंतला. कार्यक्षमतेसाठी निरीक्षक नेमण्याची गरजच उरली नाही.

८/ १९९२ साली आखेनच्या नगरपरिषदेने हा ठराव मंजूर केला : सौर विजेला युनिटमागे २ मार्क. पण शहराच्याच मालकीच्या वीज कंपनीने तो अमलात आणण्यास विरोध केला. विजेचे दर वाढवायचे तर राज्याची परवानगी लागे. आणि इतकी महाग वीज घेण्याचा खर्च सर्व ग्राहकांच्या बिलात घालता येतो का, हा खरा कायदेशीर पेच होता.

९/ आखेन अडकले असताना बव्हेरियातील फ्रायसिंग आणि हामेलबुर्ग या लहान शहरांनी १९९३ सालीच बाजी मारली. हामेलबुर्गमध्ये हा आग्रह धरणाऱ्या नगरसेवकाचे नाव होते हान्स-योसेफ फेल. हे नाव लक्षात ठेवावे.

१०/ अखेर १९९४ साली नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने संमती दिली. अट एकच : या कारणाने दर १ टक्क्याहून अधिक वाढू नयेत. १९९५ पासून आखेनमध्ये योजना प्रत्यक्षात आली. 'आखेन मॉडेल' हेच नाव रूढ झाले; बॉन, न्यूरेम्बर्ग यांसह अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले.

११/ १९९८ साली फेल ग्रीन पक्षातर्फे जर्मन संसदेत पोहोचले. समाजवादी लोकशाही पक्षाचे हेर्मान शेअर यांच्यासह त्यांनी जो कायदा घडवला, तो १ एप्रिल २००० रोजी लागू झाला. सौर विजेला ९९ फेनिग आणि वीस वर्षांची हमी! एका नगरपरिषदेचा ठराव आता राष्ट्राचा कायदा झाला होता.

१२/ २००० साली जर्मनीची सौरक्षमता जेमतेम १०० मेगावॉटच्या आसपास होती. २०१० अखेरीस ती १७,००० मेगावॉटच्या पलीकडे गेली. या मागणीवर कारखाने उभे राहिले, पुढे चीनने उत्पादनाचा आवाका प्रचंड वाढवला आणि किमती कोसळल्या. आज पुण्या-नाशिकच्या गच्चीवर दिसणाऱ्या पॅनेलच्या किमतीत जर्मन ग्राहकाने त्या काळी भरलेल्या बिलांचाही वाटा आहे.

१३/ या कथेला दुसरी बाजू आहे. १ टक्क्याची मर्यादा राष्ट्रीय कायद्यात नव्हती. २०१४ साली जर्मन ग्राहक प्रत्येक युनिटमागे ६.२४ सेंट अधिभार भरत होता. स्वतःचे छप्पर असणाऱ्याला उत्पन्न मिळे, भाडेकरूच्या हाती फक्त बिल येई. हा वाद वर्षानुवर्षे चालला. १ जुलै २०२२ पासून अधिभार ग्राहकांच्या बिलातून निघाला आणि त्याचा भार सरकारी तिजोरीवर गेला.

१४/ पहिले पाऊल नेहमीच महाग असते. ते कोणी आणि किती प्रमाणात पेलायचे, हाच प्रश्न आखेनपुढे होता. त्या शहराने उत्तर दिले : सर्वांनी, पण थोडे थोडे. राष्ट्राने त्यातले 'सर्वांनी' उचलले आणि 'थोडे थोडे' विसरले. इतिहासाचा धडा या दोन शब्दसमूहांच्या मधल्या जागेत आहे. (समाप्त)