गर्भावस्थेतील पित्तरोध

गर्भावस्थेतील पित्तरोध हा केवळ गरोदरपणात उद्भवणारा यकृताचा विकार आहे. यात यकृतातून आतड्याकडे जाणाऱ्या पित्ताचा प्रवाह मंदावतो आणि पित्तातील आम्ले मातेच्या रक्तात साठू लागतात. अंगावर पुरळ नसताना सुटणारी तीव्र खाज हे त्याचे मुख्य लक्षण होय. हा विकार बहुधा गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत दिसू लागतो व प्रसूतीनंतर नाहीसा होतो. मातेला तो त्रासदायक असला तरी सहसा घातक नसतो. मात्र रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाण फार वाढल्यास गर्भाच्या जिवाला धोका संभवतो.

मराठीत ‘अंगावर पित्त उठणे’ असे म्हणतात, तेव्हा त्वचेवर गांधी उठलेल्या असतात. ‘आम्लपित्त’ हा जठराशी संबंधित त्रास आहे. या दोहोंचा पित्तरोधाशी नामसाम्याखेरीज संबंध नाही.

आढळ

या विकाराचे पहिले वर्णन १८८३ मध्ये आल्फेल्ड यांनी केले, असे मानले जाते. त्याचे प्रमाण वंश व प्रदेशानुसार बदलते. ब्रिटनमध्ये सुमारे ०.७ टक्के गर्भवतींना तो होतो. तेथील भारतीय व पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत हे प्रमाण १.२ ते १.५ टक्के आहे. चिलीतील मापुचे या मूलनिवासी समाजात तो पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर आढळत असे. जुळ्या गर्भात, तसेच आई किंवा बहिणीला हा त्रास झालेला असल्यास त्याची शक्यता वाढते.

कारणे

गरोदरपणात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण पुष्कळ वाढते. त्यांच्या प्रभावाने यकृतपेशींची पित्त बाहेर टाकण्याची क्षमता कमी होते. काही स्त्रियांमध्ये पित्तवहनाशी संबंधित ‘एबीसीबी४’ किंवा ‘एबीसीबी११’ या जनुकांत दोष असतो. त्यांच्यात हा परिणाम अधिक जाणवतो.

लक्षणे

खाज बहुधा तळहात व तळपायांवर सुरू होऊन सर्वांगावर पसरते आणि रात्री वाढते. पुरळ नसते, त्वचेवर दिसतात ते खाजवल्याचे ओरखडे. काहींना गडद लघवी, फिकट रंगाचे शौच व अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे जाणवतात. कावीळ क्वचितच होते, म्हणून डोळे पिवळे नाहीत एवढ्यावरून हा विकार नाकारता येत नाही. पोट ताणल्यामुळे अनेक गर्भवतींना सौम्य खाज सुटते; परंतु तळहात-तळपायांची, झोप उडवणारी खाज असल्यास रक्ततपासणी आवश्यक ठरते.

निदान

रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाण व यकृताच्या चाचण्या यांवरून निदान केले जाते. पित्ताम्ले प्रति लिटर १० मायक्रोमोलपेक्षा अधिक असल्यास विकार मानण्याची पद्धत रूढ होती. ब्रिटनमधील राजवैद्यकीय प्रसूतितज्ज्ञ महाविद्यालयाने २०२२ मध्ये ही मर्यादा १९ केली. खाज आधी सुरू होऊन रक्तातील बदल काही आठवड्यांनी दिसू शकतात. म्हणून पहिला अहवाल सामान्य आला तरी खाज कायम राहिल्यास चाचणी पुन्हा करतात. विषाणूजन्य यकृतदाह, गर्भावस्थेतील यकृताची तीव्र मेदवृद्धी व उच्च रक्तदाबाशी निगडित यकृतविकार यांची शक्यताही तपासावी लागते. भारतात ‘ई’ प्रकारचा यकृतदाह गर्भवतीला घातक ठरू शकतो. त्यामुळे काविळीवर केवळ घरगुती किंवा झाडपाल्याचे उपचार करत राहणे धोक्याचे असते.

मातेवरील परिणाम

सततच्या खाजेमुळे निद्रानाश व मानसिक थकवा येतो. या स्त्रियांमध्ये गर्भावस्थेतील मधुमेह व पूर्वप्रसवाक्षेप यांचे प्रमाण अधिक आढळते. चरबीचे पचन बिघडल्यास के जीवनसत्त्व कमी पडून रक्तस्रावाची शक्यता वाढते. अशा वेळी हे जीवनसत्त्व दिले जाते.

बाळावरील परिणाम

मुदतपूर्व प्रसूती, गर्भजलात बाळाची शी मिसळणे व नवजात अतिदक्षता विभागात दाखल करावे लागणे या जोखमी वाढतात. सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे पोटातच बाळ दगावणे. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात एकल गर्भाच्या बाबतीत पुढील प्रमाण आढळले:

पित्ताम्ले ४० पेक्षा कमी: ०.१३ टक्के
४० ते ९९: ०.२८ टक्के
१०० किंवा अधिक: ३.४४ टक्के

म्हणजे धोका सर्वांना सारखा नसून तो मुख्यतः १०० वरील पातळीशी निगडित आहे. पित्ताम्लांमुळे गर्भाच्या हृदयाची लय अचानक बिघडत असावी, असे मानले जाते. त्यामुळे सोनोग्राफी किंवा हृदयठोक्यांचा आलेख सामान्य असला तरी पुढील धोक्याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

उपचार

खाज कमी करण्यासाठी मेंथॉलयुक्त मलम, सैल सुती कपडे व थंड पाण्याने स्नान उपयोगी पडते. झोपेसाठी डॉक्टर ॲलर्जीविरोधी गोळी देऊ शकतात. उर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल हे औषध दीर्घकाळ वापरात आहे. मात्र इंग्लंड व वेल्समधील ६०५ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत (२०१९) त्याने बाळावरील दुष्परिणाम कमी झाल्याचे दिसले नाही. खाजेत अल्प फरक पडला. त्यामुळे ठरावीक काळाने पित्ताम्ले मोजणे व प्रसूतीची योग्य वेळ ठरवणे यांना व्यवस्थापनात मध्यवर्ती स्थान आहे.

वरील महाविद्यालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, अन्य गुंतागुंत नसल्यास, पित्ताम्ले १९ ते ३९ असताना ४० व्या आठवड्यापर्यंत, ४० ते ९९ असताना ३८ ते ३९ व्या आठवड्यात आणि १०० किंवा अधिक असताना ३५ ते ३६ व्या आठवड्यात प्रसूतीचा विचार केला जातो. लवकर जन्मलेल्या बाळाला श्वसनाचा त्रास होऊ शकतो. म्हणून दोन्ही बाजूंचे धोके तोलून निर्णय घेतात. या विकारामुळे सिझेरियनच करावे लागते असे नाही. बाळाची हालचाल मंदावल्यास तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

प्रसूतीनंतर

खाज बहुधा काही दिवसांत थांबते. स्तनपानास अडचण नसते. किमान चार आठवड्यांनी यकृताच्या चाचण्या पुन्हा करतात. दोष कायम राहिल्यास यकृताच्या अन्य विकाराचा शोध घ्यावा लागतो. पुढील गरोदरपणात हा विकार पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनीही खाज परतू शकते, त्यामुळे त्या घेण्यापूर्वी डॉक्टरांना पूर्वीच्या त्रासाची माहिती देणे आवश्यक असते.